ऑरोरा-ए जास्त दिसतं, म्हणून तेच दोषी?

प्रश्न थोडक्यात असा: ऑरोरा-ए हे पेशीविभाजनातलं एक किनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावून त्यांचं काम बदलणारं प्रथिन. स्तन, मोठं आतडं, फुप्फुस, अंडाशय, कुठल्याही ट्यूमरचा डेटा उघडला की ते वाढलेलं दिसतं, आणि ज्यांच्यात जास्त वाढलेलं त्या रुग्णांचं पुढचं चित्रही वाईट. मग हे प्रथिन कॅन्सर पुढे नेतं असं सरळ म्हणता येईल का? आणि तसं असेल तर त्याला रोखणारी औषधं कधीपासून हाताशी असूनही ती रोजच्या उपचारात का दिसत नाहीत?

पहिल्या भागाचं उत्तर: त्या आलेखांवरून तरी म्हणता येणार नाही. ऑरोरा-ए निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. काही ट्यूमरमध्ये खरोखरच त्याच्या तालावर सगळं चालतं. पण ज्या पुराव्यावर त्याला आरोपी ठरवलं जातं, तो पुरावा बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीचा असतो. माझी पंचवीसेक वर्षं विभाजनात असलेल्या पेशी बघण्यात गेली, त्यातली निम्मी तरी ट्यूमरच्या पेशी बघण्यात. या काळात ही चूक मी स्वतः केली आहे, विद्यार्थ्यांना करताना पाहिली आहे आणि छापून आलेलीही वाचली आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

ऑरोरा-ए पेशीत कायम एकाच प्रमाणात नसतं. पेशी विभाजनातून नुकतीच बाहेर पडलेली असते तेव्हा ते जवळपास नसतंच. डीएनएची नक्कल उरकत आली की साठायला लागतं, प्रत्यक्ष विभाजनात कळस गाठतं, आणि गुणसूत्रं दोन बाजूंना गेली की एपीसी नावाची यंत्रणा त्याच्यावर युबिक्विटिनची, म्हणजे 'हे मोडीत काढा' अशी चिठ्ठी डकवून त्याची विल्हेवाट लावते. प्रत्येक फेरीत हेच. आता विचार करा, एका तुकड्यात शंभरातल्या दोन पेशी विभाजनाच्या आसपास आहेत आणि दुसऱ्यात पंधरा. दोन्ही तुकडे वाटून प्रथिन मोजलं तर दुसऱ्यात ऑरोरा-ए कितीतरी जास्त निघणार, एकाही पेशीत ते प्रमाणाबाहेर नसताना! विभाजनाच्या वेळी वाढणारी बाकीची प्रथिनंही तशीच: सायक्लिन बी१ वाढलेलं दिसेल, पीएलके१ दिसेल, टीपीएक्स२ दिसेल, सीडीसी२० दिसेल. वेगानं वाढणाऱ्या ट्यूमरच्या रुग्णांची स्थिती साधारणपणे वाईट असते, हे तर आपल्याला आधीपासून माहीत आहे. तेव्हा 'ऑरोरा-ए जास्त, आयुष्य कमी' हा आलेख अनेकदा 'विभाजन जास्त, आयुष्य कमी' एवढंच नव्या नावानं सांगत असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असंही हे नाही. दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट आहे आणि ती मोजलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं प्रथिन पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) घेऊन माझ्या टेबलाशी आली. ट्यूमरच्या आठही लेनमध्ये ऑरोरा-एचे काळेभोर पट्टे, शेजारच्या निरोगी ऊतीच्या लेन पांढऱ्या. खाली अ‍ॅक्टिनचे पट्टे एकसारखे, म्हणजे प्रथिन सारखं भरलेलं. ब्लॉट इतका देखणा की लगेच लेखाची पहिली आकृती करावी. मी म्हटलं, याच नमुन्यांवर सायक्लिन बी१ लावून बघ. दोन दिवसांनी आली ती चेहरा पाडूनच. सायक्लिन बी१चे पट्टे हुबेहूब तसेच. मग आम्ही दोन्हींचं गुणोत्तर काढलं. सहा नमुन्यांत ते जवळपास सारखं निघालं, दोन नमुन्यांत मात्र ऑरोरा-ए सायक्लिनला मागे टाकून बरंच पुढे गेलेलं. खरी गोष्ट त्या दोन नमुन्यांत होती. उरलेल्या सहांत ऑरोरा-ए फक्त हजेरी लावून होतं. त्या दोनांकडे नंतर वळतो.

ज्यांच्या हातात बायोप्सीचा रिपोर्ट आहे आणि त्यात 'केआय-६७' असं लिहिलेलं आहे, त्यांच्यासाठी इथेच दोन वाक्यं. केआय-६७ हेही विभाजन करणाऱ्या पेशीतलंच प्रथिन. १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात त्याची अँटिबॉडी तयार झाली, कीलचं 'केआय' आणि ६७ हा क्लोनचा क्रमांक. त्याचं स्वतःचं काम काय, हे पुढची तीन दशकं धूसरच राहिलं. २०१६ मध्ये दिसलं की विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर ब्रशच्या केसांसारखं उभं राहून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. ते काढून टाकलं तरी पेशी विभाजित होत राहतात. म्हणजे रिपोर्टमधला तो टक्का हे मीटर आहे, इंजिन नव्हे. तो किती महत्त्वाचा हे ट्यूमरच्या प्रकारावर ठरतं आणि ते तुमच्या डॉक्टरांशी बसून बोलायचं. एका आकड्यावरून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका.

ऑरोरा-ए मात्र नुसतं मीटर नाही. त्याला काम आहे आणि ते काम चुकलं तर काय होतं हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतं.

नावापासूनच सुरुवात करू. १९९५ मध्ये डेव्हिड ग्लोव्हर यांच्या प्रयोगशाळेनं फळमाशीत हे जनुक वर्णन केलं. त्यात बिघाड असलेल्या पेशींत स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रं वेगळी ओढणाऱ्या तंतूंची चौकट, दोन ध्रुवांचं होण्याऐवजी एकाच ध्रुवातून फाकलेलं दिसे. ध्रुवीय प्रदेशाच्या आकाशात दिसणाऱ्या प्रकाशावरून 'ऑरोरा' हे नाव ठेवलं. निरोगी पेशीत विभाजनाच्या वेळी दोन सेंट्रोसोम असतात. ते पेशीच्या दोन टोकांना सरकतात, तिथून सूक्ष्मनलिका फुटतात आणि मधे स्पिंडल उभं राहतं. शाळेच्या पुस्तकातले तर्कुतंतू ते हेच. ऑरोरा-ए या सेंट्रोसोमवर बसून त्यांना परिपक्व करतं, दूर जायला लावतं आणि पुढे टीपीएक्स२ या जोडीदाराबरोबर स्पिंडलच्या ध्रुवांजवळ राहून त्याची बांधणी सांभाळतं. टीपीएक्स२ त्याला घट्ट धरून ठेवतं तेव्हा त्याच्या साखळीतल्या २८८ क्रमांकाच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट टिकून राहतो आणि किनेज जोरात चालतं. शिवाय पीएलके१ला चालना देऊन पेशीला विभाजनात ढकलण्याचं कामही त्याच्याकडे आहे. माणसात याची दोन भावंडं आहेत. ऑरोरा-बी गुणसूत्रांच्या सेंट्रोमिअरवर (तंतू जोडले जातात त्या जागी) बसून तंतू चुकीचे जोडले गेले तर ते सोडवतं आणि शेवटी पेशीच्या कमरेशी जाऊन तिचे दोन भाग करायला मदत करतं. ऑरोरा-सी मुख्यतः शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होताना. ए आणि बी यांची रचना इतकी मिळतीजुळती आहे की त्यावरून पुढे औषधात घोटाळे होतात.

आता हे प्रथिन जास्त झालं तर? प्रयोगशाळेत पेशीला मुद्दाम जास्त ऑरोरा-ए दिलं की काही दिवसांनी बशीत दोन-दोन केंद्रकांच्या थोराड पेशी दिसू लागतात. पूर्वी आम्हाला वाटायचं की ऑरोरा-ए सेंट्रोसोमची नक्कल वाढवतं. २००२ मध्ये एरिक निग यांच्या गटानं दाखवलं की तसं नाही. विभाजनाचा शेवटचा टप्पाच फसतो. पेशी दोन होण्याऐवजी एकच राहते आणि तिच्यात सगळं दुप्पट होतं, गुणसूत्रंही आणि सेंट्रोसोमही. पुढच्या फेरीत ही पेशी चार सेंट्रोसोम घेऊन विभाजनात शिरते. स्लाइडवर हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. मध्यावस्थेत गुणसूत्रांची सरळ पट्टी दिसायची, तिथे इंग्रजी वाय अक्षरासारखा किंवा फुलीसारखा आकार, आणि कोपऱ्याकोपऱ्यात एकेक चमकता ठिपका. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, हाच तो कॅन्सर! पण तीन-चार दिशांनी फाटलेल्या पेशीची पिल्लं बहुधा जगतच नाहीत. जगतात त्या हुशार पेशी. त्या जास्तीचे सेंट्रोसोम दोन पुंजक्यांत गोळा करतात आणि वरवर पाहता सरळ दोन ध्रुवांचं विभाजन करतात. या गडबडीत एखाद्या गुणसूत्राच्या एकाच प्रतीला दोन्ही बाजूंचे तंतू पकडतात, ते पश्चावस्थेत मधेच रेंगाळतं आणि भलत्या पेशीत जातं. २००९ मध्ये डेव्हिड पेलमन यांच्या गटानं जिवंत पेशींचं चित्रण करून ही साखळी उलगडली. दर फेरीला एखादं-दुसरं गुणसूत्र इकडचं तिकडे. ट्यूमरला हेच हवं असतं. मोठा अपघात पेशीला मारतो, छोट्या-छोट्या चुका तिला नवनवे पत्ते हातात देतात.

ही कल्पना मुळात फार जुनी. थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळूच्या अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्यावर चार ध्रुवांची विभाजनं होताना पाहिली, पिल्लांत गुणसूत्रांची वाटणी बिघडलेली पाहिली, आणि १९१४ मध्ये लिहिलं की घातक गाठींचं मूळ गुणसूत्रांच्या अशाच चुकीच्या वाटणीत असू शकतं. त्यांच्याजवळ ना अँटिबॉडी होती, ना एकाही जनुकाचा क्रम. शंभर वर्षांनी आपण लाखोंची यंत्रं लावून त्याच वाक्यावर येतो, तेव्हा मला थोडी लाज वाटते आणि थोडा आनंदही होतो.

मग ऑरोरा-ए वाढवलं की कॅन्सर होतो का? १९९८ मध्ये दोन गटांनी जवळपास एकाच वेळी सांगितलं की माणसातलं हे जनुक विसाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, २०क्यू१३ या भागात आहे आणि अनेक ट्यूमरमध्ये त्या भागाच्या प्रती वाढलेल्या असतात. त्यातल्या एका कामात आतड्याच्या निम्म्याहून अधिक ट्यूमरमध्ये या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या, आणि उंदीरवर्गी प्राण्यांच्या संवर्धित पेशींत ते जास्त दिल्यावर त्या कॅन्सरसारख्या वागू लागल्या. सगळीकडे उत्साह पसरला. नंतर उंदरांच्या स्तनग्रंथीत मुद्दाम ऑरोरा-ए वाढवून पाहिलं गेलं. इथे गंमत झाली. पेशी चौपट गुणसूत्रांच्या झाल्या, पण बिघडलेल्या पेशीला थांबवणारं पी५३ हे प्रथिन जागेवर असल्यानं बहुतेक थांबल्या किंवा मेल्या. ट्यूमर झाले ते काही उंदरांतच, आणि तेही उंदराचं आयुष्य उतरणीला लागल्यावर. म्हणजे ऑरोरा-ए एकट्यानं घर पेटवू शकत नाही. पी५३चा पहारा आधी उठलेला असेल तर मात्र ते आगीत तेल ओततं. 'कॅन्सर घडवतं' आणि 'कॅन्सर पुढे नेतं' या दोन वाक्यांतलं अंतर ते इथेच. तुमच्या प्रश्नातला शब्द 'पुढे नेतं' हा आहे, म्हणून तो योग्य दिशेनं विचारलेला आहे.

याहून अवघड जाणारा निष्कर्ष २००८चा. ज्या उंदरांत ऑरोरा-एच्या दोन प्रतींपैकी एकच शिल्लक ठेवली होती, त्यांच्यात ट्यूमर कमी व्हायला हवे होते ना? ते जास्त झाले. दोन्ही प्रती काढल्या तर भ्रूण अगदी सुरुवातीलाच मरतो, ते समजण्यासारखं आहे. पण निम्म्या प्रमाणानंही धोका वाढतो याचा अर्थ असा की स्पिंडलला हे प्रथिन मोजून-मापून लागतं. कमी झालं तरी वाटणी चुकते, जास्त झालं तरी चुकते. मिठासारखं आहे हे. त्यामुळे 'कॅन्सरला प्रोत्साहन देणारं जनुक' आणि 'कॅन्सरला आवर घालणारं जनुक' अशा दोन डब्यांत विभाजनाची प्रथिनं भरायला गेलात तर डबे उलटेपालटे होतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते खपतं, स्लाइडवर खपत नाही.

आता ज्या ठिकाणी मी ऑरोरा-एला खरा आरोपी मानतो तिथे येतो. आश्चर्य म्हणजे तिथे त्याचा गुन्हा विभाजनाशी संबंधितच नाही. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा ट्यूमर. त्यातल्या साधारण पाचातल्या एका मुलात एमवायसीएन या जनुकाच्या प्रती प्रचंड वाढलेल्या असतात आणि तो आजार अधिक आक्रमक असतो. त्यातून तयार होणारं एन-मिक प्रथिन एरवी अल्पायुषी. एफबीएक्सडब्ल्यू७ नावाचं प्रथिन त्याला ओळखतं आणि पेशी ते मोडून टाकते. २००९ मध्ये मार्टिन आयलर्स यांच्या गटानं दाखवलं की ऑरोरा-ए एन-मिकला चिकटून बसतं आणि त्याची मोडतोड होऊ देत नाही. आणि हे करताना त्याला किनेज म्हणून काही कामच करावं लागत नाही! नुसतं अंगाला अंग लावून उभं राहणं पुरतं. म्हणजे फॉस्फेट लावण्याचं काम पूर्ण बंद पाडणारं औषध दिलं, पण प्रथिनाचा आकार तसाच राहिला, तर एन-मिक मजेत जगणार. म्हणून मग आकारच वाकवणारी रसायनं शोधली गेली, आणि अलीकडे ऑरोरा-ए पेशीकडूनच नष्ट करवून घेणारे रेणूही बनले. २०२० मध्ये अशा एका रेणूनं ऑरोरा-ए नष्ट केल्यावर पेशी विभाजनात अडकण्याऐवजी डीएनएच्या नकलेच्या टप्प्यावरच अडखळल्या. किनेज थांबवणं आणि प्रथिनच नाहीसं करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्वच्छ दिसलं. मला स्वतःला या संपूर्ण विषयात हा भाग सर्वात जास्त आवडतो. ज्या प्रथिनाचं नाव विभाजनाच्या यादीत पहिल्या पानावर असतं, ते विभाजन सोडून भलतीकडेच उद्योग करत बसलेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे औषधांना दाद न देणं. पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचं औषध दिलेल्या पेशीत सूक्ष्मनलिका गोठतात आणि तंतू नीट जोडलेत का हे बघणारा तपासणीनाका पेशीला पुढे जाऊ देत नाही. २००३ मध्ये दिसलं की ऑरोरा-ए खूप जास्त असलेल्या पेशी हा नाका धुडकावून पुढे निघून जातात आणि औषधाला जुमानत नाहीत. २०१९ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल आणखी एक गोष्ट समोर आली. ईजीएफआर या, पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या ग्राहकावरच्या औषधाला सरावलेल्या पेशी टीपीएक्स२च्या मदतीनं ऑरोरा-ए जागं ठेवतात आणि त्याच्या आधारावर तग धरतात. दोन्ही औषधं एकत्र दिली तर त्या मरतात. ही निरीक्षणं प्रयोगशाळेतली आणि उंदरांतली आहेत, पण इथे ऑरोरा-ए काय 'करतं' हे सांगता येतं. नुसतं 'असतं' एवढंच नव्हे.

आता औषधांकडे. अ‍ॅलिसर्टिब हे यातलं सर्वात जास्त तपासलेलं नाव. गोळी आहे, ऑरोरा-एवर बऱ्यापैकी नेमकं बसतं. टी-पेशींच्या एका लिम्फोमात सुरुवातीचे निकाल आशादायक वाटले म्हणून तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. एका गटाला अ‍ॅलिसर्टिब, दुसऱ्याला डॉक्टर निवडतील ते प्रचलित औषध. प्रतिसाद मिळाला अ‍ॅलिसर्टिबच्या गटात ३३ टक्क्यांना, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांना. चाचणी पुढे नेण्यात अर्थ उरला नाही. हे एकट्या ऑरोरा-एच्या नशिबी आलं असंही नाही. पीएलके१ रोखणारं व्होलासर्टिब वयस्क रुग्णांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये तिसऱ्या टप्प्यावर अपयशी ठरलं. स्पिंडलचे ध्रुव दूर ढकलणारी मोटर बंद करणारी औषधंही बशीत चमकली आणि माणसात फिकी पडली.

का? माझ्या मते मुख्य कारण वेळेचं गणित आहे, आणि ते आम्ही प्रयोगशाळेतले लोक कायम विसरतो. बशीतल्या हेला पेशी साधारण दिवसाभरात एक फेरी पूर्ण करतात आणि त्यातला तासभर विभाजनात घालवतात. दोन दिवस औषध ठेवलं की जवळपास प्रत्येक पेशी त्या तासातून जाते आणि सापडते. माणसातला घट्ट ट्यूमर असा धावत नसतो. तो आकारानं दुप्पट व्हायला अनेकदा आठवडे, कित्येकदा महिने लागतात. स्लाइडवर शेकडो पेशी चाळल्यावर एखादी विभाजनात सापडते. फक्त विभाजनाच्या तासात मारणारं औषध चार-सहा दिवस दिलं तर बहुतांश ट्यूमर पेशी त्या वेळी घरातच बसलेल्या असतात. आणि रस्त्यावर कोण असतं? अस्थिमज्जेतल्या पेशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी. त्या रोज विभाजित होतात. त्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी घसरतात, तोंड येतं आणि ट्यूमरला पुरेसा मार बसण्याआधीच डोस थांबवावा लागतो. अ‍ॅलिसर्टिबनं रुग्णांना झोपही यायची. त्याचा कॅन्सरशी काही संबंध नव्हता. रेणूची ठेवण झोपेच्या गोळ्यांच्या कुळाशी जुळणारी, म्हणून मेंदूतल्या गाबा ग्राहकावर तो जाऊन बसायचा.

इथे कोणीही हुशार वाचक विचारेल, मग पॅक्लिटॅक्सेल कसं चालतं? तेही विभाजनावरच घाव घालतं की. प्रश्न रास्त आहे आणि आम्हालाही तो बराच काळ छळत होता. २०१४ मध्ये बेथ वीव्हर यांच्या गटानं स्तनाच्या ट्यूमरमध्ये औषध प्रत्यक्षात किती पोहोचतं ते मोजलं. ते इतकं कमी होतं की पेशी विभाजनात अडकतच नव्हत्या. त्या अनेक ध्रुवांचं स्पिंडल उभारून वेडंवाकडं विभाजन करत होत्या आणि पिल्लं मरत होती. शिवाय सूक्ष्मनलिका पेशीला विभाजन नसतानाही लागतात. ऑरोरा-ए रोखणाऱ्या औषधाजवळ ही दुसरी बाजू फारशी नाही.

याउलट सीडीके४ आणि सीडीके६ ही पेशीला विभाजनाच्या वाटेला लावणारी किनेजं रोखणारी औषधं बघा. पॅल्बोसायक्लिबला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती औषधं आज नित्याची झाली आहेत. तीही विभाजनाच्या चक्रावरच चालतात, पण विभाजनाच्या तासावर नाही. विभाजन करायचं की नाही हा निर्णय जिथे होतो, तिथे. त्या ट्यूमरमध्ये तो निर्णय इस्ट्रोजेन आणि सायक्लिन डी१ यांच्याकडे अडकलेला असतो, म्हणून पेशी वर्षानुवर्षं त्या एका दोरीवर लटकलेली असते. अट एकच, या निर्णयाला लगाम घालणारं आरबी हे प्रथिन शाबूत हवं. आणि आरबी नसलेल्या पेशींबद्दल २०१९ मध्ये दोन गटांनी जे दाखवलं ते ऑरोराच्या बाजूनं जातं. आरबी गमावलेल्या पेशी ऑरोरा किनेज रोखल्यावर इतरांपेक्षा सहज मरतात. एका कामात ए, दुसऱ्यात बी. फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कॅन्सरमध्ये आरबी जवळपास नेहमीच गेलेलं असतं. तेव्हा ऑरोराची औषधं संपली असं मी म्हणणार नाही. 'ज्याच्यात ऑरोरा-ए जास्त त्याला द्या' हा निकष संपला. त्याची जागा 'ज्याचं ऑरोरा-एवाचून अडतं त्याला द्या' या निकषानं घ्यायला हवी, आणि ते अडणं ऑरोरा-ए मोजून कळत नाही. आरबी, पी५३, मिक कुटुंब (एन-मिक आणि त्याची भावंडं) यांची अवस्था बघून कळतं.

त्या दोन नमुन्यांचं राहिलं. दोन्हींमध्ये विसाव्या गुणसूत्राची लांब भुजा जास्तीची निघाली. पण थांबा, त्याच भुजेवर टीपीएक्स२ही आहे, झेडएनएफ२१७ आहे, पेशीला मरू न देणारं बीसीएल२एल१ आहे. भुजा वाढली की सगळी वरात वाढते. तेव्हा तिथेही 'ऑरोरा-एमुळे' असं लिहिण्याआधी त्या विद्यार्थिनीला आणखी वर्षभर राबावं लागलं.

तुमच्याकडे जर डेटा असेल तर पहिल्यांदा विभाजनाच्या गतीचा हिशेब वजा करा. सायक्लिन बी१ आणि पीएलके१ यांच्या बरोबरीनं ऑरोरा-ए मांडा आणि ते रेषेच्या वर जाणारे नमुने तेवढे वेगळे काढा. उरलेल्यांबद्दल काहीही दावा करू नका. त्या वेगळ्या काढलेल्यांत २०क्यूच्या प्रती मोजा. थ्रिओनिन २८८वरचा फॉस्फेट आहे का बघा, कारण प्रथिन भरपूर आणि किनेज झोपलेलं असंही असतं. स्लाइड असतील तर सेंट्रोसोम रंगवून प्रत्यक्ष मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, डोळे दुखतात, आणि म्हणूनच लोक टाळतात.

औषध वापरून प्रयोग करणार असाल तर एक इशारा. आमच्याकडे एकदा तीन महिने वाया गेले. अ‍ॅलिसर्टिब दिल्यावर पेशी अवाढव्य आणि अनेक केंद्रकांच्या होत होत्या आणि आम्ही ते ऑरोरा-एचं कर्तृत्व समजून चाललो होतो. मात्रा जास्त झाली होती आणि औषध ऑरोरा-बीवरही बसत होतं. हिस्टोन एच३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्यातलं एक प्रथिन) याच्या सेरिन १०वरचा, ऑरोरा-बी लावतं तो फॉस्फेट बघितला असता तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. तो गेला असेल तर बी बंद पडलं आहे. तो शाबूत असून स्पिंडल एकध्रुवी किंवा विस्कटलेलं दिसत असेल तरच ए. आणि शेवटची कसोटी म्हणून २१७ क्रमांकाच्या थ्रिओनिनच्या जागी अ‍ॅस्पार्टेट घातलेलं ऑरोरा-ए पेशींत घाला. या रूपावर औषध नीट बसत नाही, काम मात्र चालू राहतं. अशा पेशी औषधात जगल्या तर तुमचं म्हणणं ग्राह्य. त्याही मेल्या, तर मारणारं ऑरोरा-ए नव्हतं.